चांदनीच्या वळणावरची शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी शिट्टी आहे. जत्रेत मिळते ती नव्हे आणि हवालदाराच्या खिशात असते तीही नव्हे. मी आगगाडीच्या इंजिनावरची पितळी शिट्टी आहे. मला उचलायचे तर दोन्ही हात लावावे लागतात. आज मी बुऱ्हाणपुरातल्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या कोठारात, तुटक्या चाकांच्या आणि कुजलेल्या पट्ट्यांच्या ढिगात पडून आहे. माझ्यात आता वाफ येत नाही. पण जे पाहिले ते विसरता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. उकळते पितळ साच्यात ओतले, थंड झाल्यावर मला लेथवर धरून कातले, घासून चकचकीत केले. माझ्या पोटात घंटेसारखी पोकळी आहे आणि तिच्याखाली एक बारीक फट. फटीतून वाफ निघाली की ती पोकळीच्या काठावर जोरात आपटते. तोच माझा आवाज. जहाजातून मी मुंबईला आले आणि भुसावळच्या शेडमध्ये मला मालगाडीच्या एका इंजिनावर बसवले. इंजिनाच्या डोक्यावर, ड्रायव्हरच्या छपराच्या अगदी पुढे माझी जागा होती. तिथून मला रूळ लांबवर दिसत. ड्रायव्हरने आतली साखळी ओढली की माझी दांडी खाली जाई आणि मी वाजे.

पहिल्याच महिन्यात मी रक्त पाहिले. असीरगडच्या पायथ्याशी एक शेतकरी कापसाची गाडी घेऊन रूळ ओलांडत होता. ड्रायव्हरने मला वाजवले. बैलांनी असा आवाज कधी ऐकला नव्हता. ते पुढे पळायचे सोडून जागच्या जागी उधळले आणि रुळावरच फिरले. इंजिनाने दोघांनाही फरफटत नेले. शेतकरी वाचला. तो हातात तुटलेला कासरा धरून उभा होता. गाडी थांबल्यावर त्याने खडीतला दगड उचलला आणि मला मारला. तो मला लागला नाही. पण ज्यांना सावध करायचे त्यांनाच मी घाबरवून मारले, हे मला त्या दिवशी कळले.

त्यानंतर लोक मला शिकले आणि मी लोकांना शिकले. मित्रांनो, सगळ्या शिट्ट्या सारख्या नसतात. मेलगाडीच्या इंजिनाची शिट्टी बारीक आणि धारदार होती, टिटवीसारखी. बुऱ्हाणपूर स्टेशनात डबे इकडून तिकडे करणाऱ्या लहान इंजिनाची शिट्टी उचकी लागल्यासारखी तुटक होती. माझा आवाज जाड होता. वासरू हरवलेल्या गाईच्या हंबरण्यासारखा, असे लोक म्हणत. त्यातही ज्याचा हात साखळीवर असे, त्याचा स्वभाव आवाजात उतरे. कोणी झटका देई, कोणी हळूहळू ओढी.

माझी एक भाषाही होती. एक लांब शिट्टी म्हणजे बाजूला व्हा. तीन तोकड्या शिट्ट्या म्हणजे गार्डाने मागचा ब्रेक आवळावा. तेव्हा ड्रायव्हरच्या हाती साऱ्या गाडीचे ब्रेक नसत. इंजिनाचा ब्रेक पुढे आणि गार्डाच्या डब्याचा मागे. मधल्या चाळीस वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, नुसत्या ढकलत येत. घाट उतरताना माझ्या तीन हाका गार्डाला ऐकू गेल्या नाहीत तर गाडी आवरणे कठीण.

वारा अनुकूल असला की माझा आवाज तापीपर्यंत जाई. राजघाटावर धुणे धुणाऱ्या बायका मान वर करीत. कोणी म्हणे, "चला, दुपार झाली." जिचा मुलगा मुंबईच्या गिरणीत गेला होता ती तसाच पिळा हातात धरून बसे. शहरात चांदीची तार ओढणारे कारागीर माझ्यावर चिडत. तार केसाएवढी बारीक झालेली असे, माझ्या आवाजाने हात दचके आणि तार तुटे. एकाच आवाजाला कोणी हात जोडी, कोणी शिवी देई. मला दोन्ही कळत नसे, पण लोक येऊन शेडमध्ये सांगत.

माझ्या इंजिनावर दोन माणसे होती. ड्रायव्हर डिमेलोसाहेब, गोव्याकडचा, पन्नाशीचा, भित्रा पण मनाने वाईट नव्हे. आणि त्याचा आगवाला गिरधर. आगवाला म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा. गिरधर तीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. त्याचे आईबाप लहानपणीच पटकीने गेले होते. त्याला थोरल्या बहिणीने वाढवले. तिचे नाव भागाबाई. चांदनी स्टेशनाच्या खाली, रूळ डोंगराला वळसा घालून उतरतो, त्या वळणाजवळच्या वस्तीत ती राही. तिचा नवरा वारला होता. तिला लोटू नावाचा एकुलता एक मुलगा होता. वीस-बावीस वर्षांचा लोटू आणि त्याची बायको सोजर, एवढेच तिचे घर.

गाडी त्या वळणावर आली की डिमेलोसाहेब हसून साखळी गिरधरच्या हाती देई. गिरधर मला लांब ओढी आणि शेवटी एक छोटा हेलकावा देई. भागाबाई शेतात असली तरी कंबर सरळ करून म्हणे, "माहा भाऊ चालला."

असे दिवस होते. मग छपन्नाचा काळ आला, संवत १९५६ चा तो मोठा दुष्काळ.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. कपाशी वितभर होऊन करपली. विहिरी आटल्या, गुरे मेली. रुळाच्या दोन्ही बाजूंना मला गुरांचे सांगाडे दिसू लागले, पुढे माणसेही दिसू लागली. काही बसलेली असत, काही पडलेली. पडलेल्यांतली किती जिवंत आहेत ते गाडीतून कळत नसे. आणि त्याच रुळावरून, मित्रांनो, मी धान्य नेत होते. उत्तरेकडून गव्हाने भरलेल्या वाघिणी खांडव्याला येत. तिथून आम्ही त्या चांदनीचा घाट उतरून बुऱ्हाणपूरवरून पुढे मुंबईकडे नेत असू. गहू कुणा ठेकेदाराचा होता. तो भुकेल्या गावांत थांबत नव्हता.

लोकांना माझी भाषा येत होती. रिकामी गाडी घाट उतरताना ब्रेकसाठी एकदाच हाक मारते, भरलेली तीन-चारदा मारते. माझ्या तीन तोकड्या शिट्ट्या पुन्हा पुन्हा ऐकू आल्या की वस्तीतली माणसे समजत, गहू चालला. त्या वळणावर वाघिणींना हिसके बसत आणि फळ्यांच्या फटींतून थोडे दाणे खाली सांडत. गाडी गेली की बायका टोपल्या आणि केरसुण्या घेऊन रुळावर येत. दगड, राख आणि गहू एकत्र झाडून नेत. दुसऱ्या गाडीची शिट्टी ऐकली की उठून कडेला होत. सोजरही त्यांत असे. ती पोटुशी होती.

पुढे काही पुरुषांनी धीर केला. गाडी हळू झाली की वाघिणीवर चढायचे, विळ्याने पोते फाडायचे आणि उडी मारायची. असे दोन-तीनदा झाले. तेव्हा ठेकेदाराने गाडीवर बंदुकवाले बसवले. दोघे वाघिणींवर आणि त्यांचा जमादार रणजोर इंजिनावर, आमच्याजवळ.

रणजोर पहिल्याच दिवशी वर चढला आणि म्हणाला, "आजसे घाट में सीटी नहीं बजेगी. सीटी सुनके ही चोर आते हैं."

डिमेलोसाहेब म्हणाला, "जमादार, ब्रेक कैसे मांगेगा? आगे आदमी होगा तो?"

"झंडी दिखाओ. आदमी देख लेगा अपना."

त्याच्याजवळ कुणा साहेबाची चिठ्ठी होती. डिमेलोसाहेबाने ती वाचली, घडी घातली आणि परत दिली. रणजोरने छपराबाहेर हात घालून माझी दांडी जाड तारेने आवळून बांधली. साखळी ओढली तरी मी हलेना.

गिरधर एवढेच म्हणाला, "साहेब, वळणावर बाया असतात."

साहेबाने नजर रुळावर लावली.

चांदनी सुटले. उतार लागला. उतारावर इंजिनाला वाफ लागत नाही, ते धापाही टाकत नाही. भरलेली गाडी स्वतःच्या वजनाने गुपचूप खाली येते. सकाळची वेळ होती, ऊन स्वच्छ होते. वळण संपताच मला रुळावर पाच-सहा बायका वाकलेल्या दिसल्या. त्यांच्या पाठी आमच्याकडे होत्या.

डिमेलोसाहेब ओरडला आणि त्याने साखळी ओढली. दोनदा, तीनदा ओढली. माझ्या तोंडाशी वाफ होती, दांडी बांधलेली होती. गिरधर बाहेर वाकून "हटा! हटा!" करीत होता. रुळांची थरथर जाणवून चौघी-पाच जणी कडेला पडल्या. सरुबाई नावाची एक वयस्क बाई मात्र टोपली उचलायला थांबली. ती टोपली तिला सोडवेना. आम्ही तिच्यावरून गेलो.

मला सगळे वर्णन करायचे नाही. बुऱ्हाणपूरला इंजिनाचा पुढचा भाग धुवावा लागला. चाकाच्या आऱ्यांत लुगड्याची चिंधी अडकली होती. ती गिरधरने काढली आणि बराच वेळ मुठीत धरून तो प्लॅटफॉर्मच्या टोकाला बसला. डिमेलोसाहेब इंजिनामागे जाऊन रडला. रणजोर पाणी प्यायला आणि म्हणाला, "लाइन पर बैठने की जगह है क्या?"

तीन दिवसांनी पुन्हा भरलेली गाडी निघाली. पुन्हा तीच तार, तोच जमादार. गिरधर कामावर आला नसता तरी चालले असते. दुसरा कुणी आगवाला मिळाला असता. पण तो आला. खांडव्यापासून तो मान खाली घालून भट्टीत कोळसा टाकत होता.

चांदनी सुटल्यावर त्याने फावडे खाली ठेवले आणि कोळसा फोडायचा हातोडा उचलला.

रणजोरने विचारले, "क्या करता है?"

गिरधरने छपराबाहेर वाकून तारेवर पहिला घाव घातला. तार तुटली नाही. दुसरा घाव घातला, तार तुटली. पण त्याच घावाने साखळीची कडीही तुटली. आता मला वाजवायचे तर माझी दांडीच हाताने दाबायला हवी होती. ती दांडी वाफेवर तापून निखाऱ्यासारखी झालेली होती. गिरधरने उघडा डावा तळहात तिच्यावर ठेवला आणि दाबला.

मी वाजले. इतक्या जोरात मी कधी वाजले नव्हते. त्याच्या हाताची कातडी जळाल्याचा वास मला आला. तो हात काढीना. रणजोरने मागून बंदुकीचा दस्ता त्याच्या पाठीत घातला, मग डोक्यात घातला. एक तडाखा चुकून माझ्या अंगावर बसला आणि माझ्या कुशीत खोल पोचा पडला. गिरधरचे डोके फुटले, रक्त डोळ्यांत उतरले. लांब शिट्टी संपवून त्याने तीन तोकड्या दिल्या. पुन्हा तीन. मागच्या डब्यातल्या गार्डाला तारेचा, हुकुमाचा वाद माहीत असला तरी त्याच्या हातांना तीस वर्षांची सवय होती. त्याने ब्रेक आवळला. पुढे डिमेलोसाहेबाने इंजिनाचा ब्रेक फिरवला. चाके किंचाळली.

वळणाच्या पलीकडे बायका होत्या. त्या दिवशी त्या वेळेवर उठल्या. सोजर जड पोटाने धावता धावता खडीवर पडली, दुसरीने तिला ओढून घेतले. इंजिन तिच्यापासून चार पावलांवर येऊन थांबले.

इथे माझी गोष्ट संपली असती तर मी ती अभिमानाने सांगितली असती. पण भरलेली गाडी भुकेल्या माणसांच्या मधोमध उभी राहिली होती, आणि तिला मीच थांबवले होते.

झाडीतून माणसे आली. माझ्या तीन-तीन शिट्ट्या त्यांनीही ऐकल्या होत्या. पन्नास असतील, शंभर असतील. विळे, कुऱ्हाडी, काठ्या, कुणाच्या हातात नुसते फडके. ती माणसे चालत नव्हती, हाडांची मोळी वाऱ्याने ढकलावी तशी येत होती. कुऱ्हाडीने वाघिणीच्या फळ्या फोडल्या. गहू धो धो खाली आला. लोक त्यात गुडघ्यांवर पडले आणि कच्चाच तोंडात कोंबू लागले.

लोटू वाघिणीवर चढला होता. तो वरून पोती खाली लोटत होता आणि ओरडत होता, "बायांले पह्यले द्या! म्हाताऱ्यांले द्या!"

रणजोरने हाक दिली, "मारो!" वाघिणींवरच्या दोघांनी गर्दीत बार काढले. एक म्हातारा आणि एक बाई गव्हातच आडवी झाली. मग रणजोरने इंजिनावरून स्वतः नेम धरला. गिरधरने त्याचे पाय धरले. "जमादार, तो माहा भाचा हाय! माहा भाचा हाय तो!"

रणजोरने त्याच्या तोंडावर लाथ मारली आणि बार काढला. लोटू पोत्यावर वाकला, जणू ते उचलतो आहे, आणि मग पोत्यासकट खाली आला.

पुढचे फार लवकर झाले. वाघिणींवरचे दोघे बंदुका टाकून चांदनीकडे पळाले. रणजोरला दुसरी गोळी भरायला वेळ मिळाला नाही. लोकांनी त्याला पायांना धरून इंजिनावरून खाली ओढले. आधी काठ्या, मग खडीतले दगड. गिरधर खाली रांगत आला आणि "पुरे करा रे, पुरे!" म्हणत राहिला. त्याचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. माझा गेला असता, पण माझ्या दांडीवर तेव्हा कुणाचा हात नव्हता. रणजोरने शेवटी आईला हाक मारली. त्यालाही कुठेतरी आई होती.

भागाबाई धावत आली तेव्हा सोजर नवऱ्याचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. दोघींच्या आजूबाजूला लोक गहू भरत होते. रडत होते आणि भरत होते. मला त्यांचा राग आला नाही.

भागाबाईने मुलाचे तोंड पुसले. मग तिने वर पाहिले, आधी माझ्याकडे आणि मग भावाकडे.

"गाडी कोन थांबवली?" तिने विचारले.

गिरधर म्हणाला, "मी, आक्का."

तिने तोंड फिरवले.

पोलीस आले. गिरधरला दोरीने बांधून नेले. गाडी लुटायला सामील झाला म्हणून त्याला पाच वर्षांची सक्तमजुरी झाली, असे मी शेडमध्ये ऐकले. खटल्यात डिमेलोसाहेबाला विचारले, की तार कुणी बांधली, सरुबाई कशी मेली. तो म्हणाला, मला आठवत नाही. त्यानंतर त्याने महिनाभरात नोकरी सोडली. जायच्या दिवशी तो माझ्याजवळ उभा राहिला, पण त्याने मला हात लावला नाही.

मला नवीन कडी बसवली, पोचा तसाच राहिला. पाऊस आला, पिके आली, लोक पुन्हा शेतांत दिसू लागले. मी आणखी काही वर्षे त्याच घाटात वाजले, पण भागाबाई सुनेला घेऊन त्या वर्षीच वस्ती सोडून दूर गेली होती. त्या वळणावर मी वाजले की वस्तीतली माणसे घरात जात आणि दार लावून घेत. काही जणी मात्र रुळापासून दूर उभ्या राहून हात जोडत. एकाच वस्तीत दोन्ही होते.

पुढे इंजिन थकले, त्याचे बॉयलर भंगारात निघाले. बुऱ्हाणपूरच्या एका जिनिंगच्या मिस्त्रीने मला उचलून आणले. जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी करतात. सकाळी कामगारांना बोलवायला त्यांना भोंगा हवा होता. मला बॉयलरच्या खोलीबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीजवळ भिंतीवर बसवले.

बॉयलरवरचा माणूस मला पाहून थांबला. त्याचे केस पिकले होते, डाव्या हाताची बोटे आत वळून आखडली होती. त्याने उजवा हात माझ्या पोच्यावरून फिरवला. तो गिरधर होता. रेल्वेत त्याला पुन्हा कुणी घेतले नव्हते.

"मिस्त्री, दुसरी शिट्टी नही का भेटणार?" त्याने विचारले.

"हिले काय झालं?"

"काही नही. आंगनात माही बहीण हाय."

मिस्त्रीला ते कळले नाही. खरे म्हणजे भागाबाई आणि सोजर दोन वर्षांपासून त्याच जिनिंगच्या अंगणात कापूस निवडत होत्या. सोजरला दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मुलगी झाली होती. तिचे नाव रंभा, आता ती अकरा वर्षांची होती. भागाबाई भावाशी बोलत नव्हती. बॉयलरच्या खोलीवरून जाताना ती पदर पुढे ओढून घेई. सोजर तिच्यादेखत नाही, पण एकटी असली की थांबे आणि म्हणे, "मामाजी, भाकर खाल्ली का?"

सकाळी सगळे कामगार अंगणात जमले. मिस्त्री म्हणाला, "वाजव." गिरधरने दोर ओढला.

अकरा वर्षांनी माझा तो आवाज भागाबाईच्या कानांवर पडला. तिच्या हातातली टोपली खाली पडली. अंगणात गाठी फोडायची लोखंडी पहार भिंतीला टेकलेली होती. तिने ती घेतली आणि जिना चढू लागली. साठीची बाई, पण एकाही पायरीवर थांबली नाही. मिस्त्री अडवायला धावला. गिरधरने त्याला छातीवर हात ठेवून मागे सारले.

"मारू द्या तिले," तो म्हणाला. "मले मारलं तरी मारू द्या."

तिने मला मारले. पहिल्या घावाने भिंतीचा चुना उडाला. दुसरा माझ्या ओठावर बसला आणि ओठ आत वळला. तिसरा, चौथा. प्रत्येक घावाबरोबर ती एकच म्हणत होती, "कायले वाजली? कायले वाजली तू?" पहार तिच्या हातांतून निसटून पायऱ्यांवरून खणखणत खाली गेली. मग तिने दोन्ही मुठींनी गिरधरच्या छातीवर मारले. त्याने हात वर केले नाहीत.

"तू गाडी थांबवली नसती तं माहा लोटू जिता राह्यता!"

गिरधर म्हणाला, "व्हय आक्का."

तेवढ्यात सोजर जिन्यावर आली होती. तिने सासूसमोर कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी केली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "ती वाजली नसती तं मी मेली असती. अन् ही रंभाबी. तसं झालं असतं तं बरं झालं असतं का? अकरा वर्सं झाले, मले इचारायचं होतं."

भागाबाई वळून सुनेकडे बघत राहिली. खाली रंभा हातात आजीची टोपली घेऊन उभी होती, तिच्याकडेही बघितले. मग ती पायरीवर बसली.

"नही माय," ती म्हणाली. "बरं नसतं झालं." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "मले दोघंबी पाह्यजे होते. दोघंबी."

ती रडली तेव्हा गिरधर तिच्याशेजारी बसला. तिने त्याचा आखडलेला डावा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि तळहात उघडू पाहिला. तो उघडला नाही. तिने तो दोन्ही हातांत तसाच मिटलेला धरला.

"जळला होता का रे?" तिने विचारले. "मी पाह्यलंच नही तवा."

मिस्त्री चांगला माणूस होता. त्याने खाली जाऊन पहार उचलली आणि भिंतीला टेकवून ठेवली. शेवटी खाली उभ्या असलेल्या लोकांकडे पाहून भागाबाईच म्हणाली, "लोकं थांबले. वाजव."

गिरधरने दोर ओढला. ओठ वाकल्यामुळे माझा आवाज फाटला होता. जाड राहिला नव्हता, बारीकही नव्हता. लोक कामाला लागले. त्यानंतर चोवीस वर्षे मी तशीच वाजले. शहरातली मुले विचारीत, या जिनिंगची शिट्टी अशी रडल्यासारखी का वाजते? कुणाला नक्की सांगता येत नसे.

मित्रांनो, भागाबाई आता नाही, गिरधरही नाही. मी वाजले म्हणून लोटू गेला आणि मी गप्प बसले म्हणून सरुबाई गेली. दोघांचीही आठवण मला सारखीच येते. त्यामुळे मी चांगली की वाईट, हे मला तुम्ही विचारू नका. तुम्ही एवढे करा. रूळ ओलांडताना शिट्टी ऐकू आली तर हातातले टाकून बाजूला व्हा. टोपली पुन्हा भरता येते. शिट्टीने झोपमोड झाली किंवा तार तुटली तर वाजवणाऱ्याला शिव्या देऊ नका, त्याला पुढे काय दिसते आहे ते तुम्हाला दिसत नसते. आणि तुमच्यापैकी कुणी मोठे होऊन इंजिनावर चढले, आणि कुणी चिठ्ठी दाखवून म्हणाले, आज शिट्टी वाजवायची नाही, तर त्या दिवशी गाडी हाकू नका.